मांजर स्थिर होईपर्यंत

त्या दुपारी मामाच्या दवाखान्यात एक बोका कपाटावर चढून बसला, दोन कुत्र्यांचे पट्टे एकमेकांत अडकले आणि एका आजोबांच्या मांडीवरचा ससा उडी मारून थेट औषधांच्या खोक्यात गेला. हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मामी म्हणाली.

"माझ्यामुळे नाही, माझ्या प्रोग्राममुळे," मी म्हटलं.

"मग तो काय शेजाऱ्यांनी लिहिला?"

आता नीट सांगते. माझा मामा जनावरांचा डॉक्टर. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दारातून आत आलं की अरुंद बोळकांडी, तिच्यात भिंतीला टेकवलेला एक बाक, बोळकांडीच्या टोकाला मामीचं टेबल आणि त्याच्यामागे तपासणीची खोली. बाकाच्या या टोकाला कुत्रा आणि त्या टोकाला मांजर बसलं की मधल्या माणसाने काय करायचं? बहुतेक जण पाय वर घ्यायचे.

आणि या सगळ्याच्या डोक्यावर, म्हणजे खरोखरच वरच्या मजल्यावर, घरमालकीणबाई राहतात. त्या गाणं शिकवतात. वर कुणी सूर लावला की खालची कुत्री गळा काढायची, आणि खालची कुत्री गप्प झाली की वरच्या मुली हसत सुटायच्या.

म्हणून मी सुट्टीत एक युक्ती केली. दारावर एक चौकोनी कोड चिकटवला. येणाऱ्याने तो फोनने टिपायचा, आपल्याकडे कुत्रा आहे, मांजर आहे की इतर, ते सांगायचं आणि खुशाल बाहेर जायचं. गाडीत बसा, समोरच्या बागेत फिरा, वह्यापेन्सिलींच्या दुकानाच्या छपराखाली उभे राहा. फोनवर दिसत राहतं, 'तुमच्या आधी तीन', मग 'तुमच्या आधी दोन', आणि पाळी आली की फोन वाजतो. कुत्रा बाहेर पडून रस्ता ओलांडेपर्यंत मामी मांजराला बोलावतच नाही. बोळकांडी रिकामी! मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की शाळेत मी तीन दिवस दुसरा विषयच काढला नाही.

यात गंमत कशी आहे बघा. नेहमीचं वेबपान म्हणजे तुम्ही विचारलंत, उत्तर आलं, संपलं, फोन ठेवला. पुन्हा काही हवं तर पुन्हा विचारा. मी वापरलं ते वेबसॉकेट. म्हणजे फोन ठेवायचाच नाही. लाइन उघडी राहते आणि दोन्ही बाजूंना हवं तेव्हा बोलता येतं. पण दवाखान्याचा एकच म्हातारा कॉम्प्युटर एवढ्या सगळ्यांच्या उघड्या लाइनी सांभाळणार कसा? त्यासाठी कुठल्यातरी दूरच्या माणसाने एक लायब्ररी लिहून ठेवली होती, कुणीही वापरावी अशी. लायब्ररी म्हणजे तयार प्रोग्रामचा संच. आपण आपल्या प्रोग्राममध्ये तो जोडायचा. ही असिंक्रोनस होती.

"म्हणजे काय?" मामाने विचारलं होतं.

"म्हणजे तू."

"मी?"

"एका कुत्र्याला थर्मामीटर लावलास की तो वाजेपर्यंत काय करतोस?"

"दुसऱ्याची नखं कापतो."

"आणि रक्त मशीनमध्ये फिरत असतं तेव्हा?"

"तिसऱ्याच्या मालकावर ओरडतो."

"झालं तर! एकाची वाट बघताना बाकीच्यांचं अडवून ठेवत नाहीस. तू असिंक्रोनस आहेस."

"दवाखान्यात असतील," मामी म्हणाली. "घरात एक कप उचलून ठेवायचा तर आधी अख्खी मॅच संपावी लागते."

तर असं सगळं छान चाललं होतं. मग ते अधूनमधून गोठायला लागलं. सगळ्यांच्या फोनवरचे आकडे एकदम जागच्या जागी थांबायचे, काहींना तर 'संपर्क तुटला' असं दिसायचं. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू. पण तेवढ्यात बाहेरच्यांना वाटायचं की आपली पाळी गेली, आणि सगळे आपापली जनावरं घेऊन एकदम आत घुसायचे. त्या दुपारी तेच झालं. बोका कपाटावर, ससा खोक्यात, आणि घरमालकीणबाई जिन्यात.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "वर माझी विद्यार्थिनी सूर लावतेय आणि खाली तुमचा कुत्रा तिला उत्तर देतोय. आणि खरं सांगू? तो जास्त सुरात आहे."

मी हसले. मामीने मला चिमटा काढला, कारण बाई हसत नव्हत्या.

"करार या महिन्यात संपतोय. येत्या शनिवारी तुमचं लसीकरण आहे ना? त्या दिवशी खाली शांतता राहिली तर पुढचं बोलू. नाहीतर दुसरी जागा बघा."

त्या वर गेल्या. मामा कपाटावरच्या बोक्याकडे बघत उभा राहिला. दुसरी जागा त्याने पूर्वी शोधून पाहिली होती. जनावरांचा दवाखाना म्हटलं की लोक जागा आत्ताच गेली म्हणून सांगतात, आणि महिनाभराने बघावं तर ती जागा तशीच रिकामी.

"भोंगू," तो मला म्हणाला. माझा आवाज मोठा आहे म्हणून घरात मला भोंगू म्हणतात. "शनिवारी हे तुझं बंद ठेवू. मी दारात उभा राहून नावं पुकारतो."

"तू पुकारलंस की सगळी कुत्री भुंकतात! म्हणून तर मी हे केलं."

"मग हे का थांबतं ते शोध. शुक्रवार संध्याकाळपर्यंत. तोवर नाही सापडलं तर मी आणि माझा घसा."

मी शोधायला लागले. वायफायचा डबा कपाटावर ठेवला, मग खिडकीत, मग मामीच्या डोक्याशी. फरक शून्य. बाहेर गर्दी फार झाली की थांबतं का? नाही, खूप गर्दी असताना सुरळीत चालायचं आणि चारच जण असताना बंद पडायचं. उन्हाने कॉम्प्युटर तापतो का? त्याच्या पाठीला हात लावून बसले. मामी म्हणाली, "त्याचंही तापमान टिपून ठेवू का?"

मग माझी खात्री पटली की चूक त्या लायब्ररीतच आहे. ती लिहिणारा माणूस एका पानावर लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. मी ऐटीत लिहिलं, 'तुमची लायब्ररी मधूनच झोपते.' खाली माझा प्रोग्राम काय करतो तेही लिहिलं, दवाखाना, कुत्री, मांजरं, सगळं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर उत्तर तयार. 'ती झोपत नसावी. तिला कुणीतरी धरून ठेवत असेल. कोण, ते मला इथून दिसत नाही. ती गप्प होते तेव्हा तुझ्या खोलीत काय चाललेलं असतं?'

मला रागच आला. मी प्रोग्रामचं विचारतेय आणि हा खोलीचं विचारतोय! पण राग जरा उतरल्यावर वाटलं, खरंच की. काय चाललेलं असतं? मी तर नेहमी बाहेर मामीच्या टेबलाशी बसून पडद्याकडे टक लावायचे. तपासणीच्या खोलीत एकदाही नव्हते.

म्हणून गुरुवारी मी दप्तर घेऊन तपासणीच्या खोलीत एका स्टुलावर ठाण मांडलं. तिथल्या पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका बसवला. प्रोग्राम जागा असेपर्यंत तो लुकलुकत राहणार, अडकला की थांबणार.

एक दांडगा कुत्रा आला. मामाने "बस" म्हटलं, तो वजनकाट्याच्या स्टीलच्या पत्र्यावर बसला, काटा टुंग वाजला, आकडा आपोआप पडद्यावर उमटला. ठिपका लुकलुकत होता. मग एक म्हातारी कुत्री आली. तीही बसली, टुंग. ठिपका मजेत. मी भूगोलाचा नकाशा रंगवायला घेतला.

मग शिवणकाम करणाऱ्या एक काकू त्यांची मांजर घेऊन आल्या. पांढरी, गुबगुबीत, तोऱ्यातली. काकू तिला राणीसरकार म्हणायच्या. मामाने 'वजन' हे बटण दाबलं आणि तिला काट्यावर ठेवलं. राणीसरकारांना स्टील गार लागलं असणार. त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा, मग गिरकी घेतली, मग काट्याच्या कडेवरून खाली डोकावून पाहिलं. काट्यावरचा आकडा नुसता नाचत होता.

"बस गं बाई," मामा म्हणाला.

मी सहज कोपऱ्यात पाहिलं. ठिपका थांबला होता.

बाहेरून दाराची कडी वाजली. कुणीतरी म्हणालं, "अहो, आमचा आकडा हलेना!" मागून एक भुंकणं. मामाने घाईघाईने राणीसरकारांना टॉवेलमध्ये गुंडाळलं. त्या गठडीसारख्या गप्प बसल्या. काटा टुंग वाजला आणि त्याच क्षणी ठिपका लुकलुकायला लागला, बाहेरचे फोन किणकिणले.

मी स्टुलावरून उडी मारली. "मामा, टॉवेल काढ!"

"काय?"

"बटण दाब आणि टॉवेल काढ! सोड तिला!"

"आत्ताच तर बसलीय!"

"काढ ना रे!"

त्याने काढला. राणीसरकार वळवळल्या, ठिपका थांबला. गुंडाळलं, टुंग, ठिपका सुरू. पुन्हा सोडलं, थांबला. गुंडाळलं, सुरू. मी टाळ्या पिटत होते.

"अहो डॉक्टर," काकू म्हणाल्या, "माझी मांजर आहे की तुमच्या दिव्याचं बटण?"

आता ऐका काय झालं होतं ते. त्या लायब्ररीत एक साधा नियम आहे. कशाचीही वाट बघायची असेल तर एक छोटासा शब्द लिहायचा. त्याचा अर्थ, मी थांबलेय, पण तोवर बाकीच्यांचं चालू द्या. तो शब्द न लिहिता नुसतं थांबलात तर सगळंच तुमच्यासोबत थांबतं, कारण सगळी कामं करणारा हात एकच असतो. मी तो शब्द सगळीकडे लिहिला होता. फक्त काट्याचा भाग मी फार आधी लिहिला होता, ही लायब्ररी मला माहीतसुद्धा नव्हती तेव्हा. त्यात सरळ हुकूम होता, आकडा स्थिर होईपर्यंत थांब. तोच तुकडा मी उचलून नव्या प्रोग्राममध्ये डकवला. कुत्री सांगितलं की बसतात, म्हणून ते थांबणं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मांजर मात्र स्थिर होत नाही.

आणि सगळ्यात भारी गोष्ट ही की पूर्वी मांजरं फारशी यायचीच नाहीत! बोळकांडीतल्या कुत्र्यांना घाबरून मांजरवाले दुसरीकडे जायचे. माझ्या युक्तीमुळे बोळकांडी रिकामी झाली, ही बातमी त्यांच्यात पसरली आणि ते यायला लागले. म्हणजे माझा प्रोग्राम जितका चांगला चालला तितका तो बंद पडत गेला. मला हे इतकं आवडलं की मामी म्हणाली, "आनंद कसला होतोय हिला? दुरुस्त कर आधी!"

शुक्रवारी शाळेतून धावतच आले आणि काट्याचं थांबणं वेगळं काढलं. काट्याने आपला बाजूला बसून वाट बघावी, बाकीच्यांना धरून ठेवू नये. आता तपासायचं कसं? मांजर नव्हतं. मग मीच काट्यावर चढले आणि नाचायला लागले. बाहेर मामी टेबलावर घरातले सगळे फोन मांडून बसली होती.

"आकडे हलतायत का?" मी ओरडले.

"हलतायत!"

"आता?"

"अगं हो, हलतायत! पत्रा मोडशील!"

मामा दारातून डोकावला. "वजन किती भरलं?"

"भरणारच नाही! मी मांजर आहे!"

लायब्ररीवाल्याला मी एवढंच कळवलं, 'मांजर होतं.' त्याचं उत्तर आलं, 'शेवटी वजन किती निघालं?' काय माणूस आहे!

शनिवारी सकाळपासून रस्ता भरला. छपराखाली, गाड्यांच्या टपांशी, बागेच्या कठड्यावर, जिकडे तिकडे कुत्री, टोपल्या, पिंजरे. पण बोळकांडीत फक्त ज्याची पाळी तोच. आत एक बोका काट्यावर गोल गोल फिरत होता आणि माझा ठिपका निवांत लुकलुकत होता. वरून मुलींचे सूर ऐकू येत होते. मी मामीच्या शेजारी बसून पाय हलवत होते. मामी पुटपुटली, "कॉलर खाली घे जरा."

आणि एक माणूस धावत आत आला. कोड वगैरे काही नाही, दोन्ही हातांवर एक तपकिरी कुत्री. तिचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे दिसत नव्हते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता.

"गांधीलमाशी चावली," एवढंच त्याला बोलता आलं.

मामाने हातातली लस खाली ठेवली. बोक्याला टोपलीत घालून त्याच्या मालकिणीसह बाहेर पाठवलं, कुत्रीला जमिनीवरच आडवं केलं, सुई टोचली, मग दुसरी. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"हिचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत मी हलणार नाही," तो म्हणाला. "कितीही वेळ लागो. बाकी सगळं थांबवा."

मामी माझ्याकडे बघायला लागली आणि मी मामीकडे. बाहेरचे आकडे थांबणार. प्रोग्राम ठणठणीत होता, पण बाहेरच्यांना कसं कळणार? त्यांना दिसणार ते तेच, परवाचंच, न हलणारा आकडा. आणि झालंही तसंच. थोड्याच वेळात दार ढकलून एक उंच माणूस त्याहून उंच कुत्र्याला घेऊन आत आला. "पुन्हा बंद पडलं वाटतं?" त्याच्यामागे अजून दोघं. एक कुत्रं गुरगुरलं. वर सूर थांबला.

मी पडद्याकडे वळले. आणि मग एकदम वाटलं, अगं वेडे, लाइन उघडी आहे की! प्रत्येकाच्या फोनशी जोडलेली लाइन जिवंत आहे, आणि आजवर मी तिच्यावरून फक्त आकडे पाठवले. आकडे नसतील तर शब्द पाठव. मी टाइप केलं, 'एका कुत्रीला गांधीलमाशी चावली आहे. डॉक्टर तिच्याजवळ बसले आहेत. तुमचा नंबर कुठेही गेलेला नाही. कृपया बाहेर थांबा.'

रस्त्यावरचे सगळे फोन एकदम वाजले. उंच माणसाने आपल्या फोनवर वाचलं. मग मान तिरकी करून आत पाहिलं. "चल रे," तो कुत्र्याच्या कानात म्हणाला आणि पावलं न वाजवता बाहेर गेला. मागच्या दोघांनाही त्याने हातानेच मागे वळवलं.

मी दाराशी उभी राहून आतलं बघायची, धावत येऊन लिहायची. 'श्वास अजून जोरात आहे.' 'सूज डोळ्यांपर्यंत आहे, पण वाढत नाहीये.' 'तिने शेपटी थोडी हलवली.' मामी कुजबुजली, "शेपटीचंही कळवतेस?" पण तिने मला थांबवलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घरमालकीणबाई!

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"कुठे काय?" मामी उभी राहिली. "एकच कुत्रं गुरगुरलं, लगेच बाहेर काढलं…"

"तेच विचारतेय मी. खिडकीतून पाहिलं, अख्खा रस्ता जनावरांनी भरलाय आणि सगळे फोनकडे बघत गप्प उभे आहेत. इतकं गप्प, की मुलींचं गाण्यात लक्ष लागेना."

मी दाराकडे बोट दाखवलं. बाईंनी आत पाहिलं. मामा फरशीवर बसला होता, मांडीवर सुजलेलं डोकं, हात तिच्या बरगड्यांवर. तो वर बघत नव्हता. शिट्टीसारखा तो श्वास ऐकत बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे मला वर बसून कळेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांना दारावरचा कोड दाखवला. त्यांनी फोन धरला. पानाने विचारलं, कुत्रा, मांजर की इतर. बाईंनी चष्मा सारखा केला आणि 'इतर' दाबलं. मग त्या वर निघून गेल्या. कराराचं अक्षरही काढलं नाही.

"चिडल्यात की काय?" मामी म्हणाली.

"मला नाही माहीत," मी म्हटलं, आणि खरंच माहीत नव्हतं.

मग आतला श्वास हळूहळू बदलला. आधी शिट्टी बारीक झाली, मग नुसती धाप, मग तीही ओसरली. कुत्रीने एक डोळा किलकिला केला. तिचा मालक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी लिहिलं, 'श्वास ठिकाणावर आला.' बाहेर कुणीतरी टाळी वाजवली आणि पाच-सहा कुत्री मनसोक्त भुंकली. आम्ही तिघंही छताकडे बघायला लागलो. वरून काहीच आवाज आला नाही.

काम पुन्हा सुरू झालं. कुत्रं, मांजर, कुत्रं, ससा. मामाचा हात चालत होता, पण प्रत्येक भुंकण्याला तो दचकत होता. दुपार कलायला लागली तेव्हा मामी यादीवर थबकली.

"पुढचा नंबर 'इतर' आहे. या त्याच की गं. हा सोडून पुढे जाऊ."

"नको. त्यांनी नंबर घेतलाय."

"अगं पण त्यांच्याकडे आहे कोण तपासायला?"

"बघू तर खरं," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

वर फोन वाजला. आम्हाला तो खालीही ऐकू आला. मग दार उघडल्याचा आवाज आणि जिना उतरणारी पावलं, अगदी सावकाश. बाई बोळकांडीत आल्या. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात कराराचे कागद आणि पेन.

"माझी पाळी आली म्हणतोय हा," त्या म्हणाल्या.

मामा हात पुसत बाहेर आला. तो कागदांकडे बघत राहिला.

"तसं बघू नका डॉक्टर. मघाशीच सही करून टाकणार होते, पण माझ्या आधी एवढे जण होते." त्या बाकावर बसल्या, कागद गुडघ्यावर ठेवले आणि सही केली. मग माझ्याकडे वळल्या. "आणि हे बघ गं, भुंकली तर भुंकू देत. पण का भुंकली ते मला आधी कळलं पाहिजे."

"कळवते," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की बाहेरची सगळी कुत्री भुंकायला लागली.

बाईंनी फोन वर धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी टाइप करायला धावले.